अडीच इंचांची पट्टी

आमच्या शाळेत पाचवीत नव्याने आलेल्या मुलींना पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट ऐकायला मिळायची. सांगणारी सहावीतली असायची, कारण सातवीपर्यंत त्या गोष्टीतला दम संपलेला असतो. गोष्ट अशी, की फाटकावर उभ्या असणाऱ्या पट्टीमावशींच्या हातातली लाकडी पट्टी पूर्वी चांगली लांब होती. पोरींच्या तळहातांवर मारून मारून ती झिजली आणि आता तिचा बोटाएवढा तुकडा उरला. एका मुलीचा तर म्हणे हातच मोडला, आणि ती पुन्हा शाळेत आली नाही.

ही गोष्ट खोटी आहे. मी सहा वर्षं रोज त्या फाटकातून आत गेले आणि मावशींनी कुणावर हात उगारलेला एकदाही पाहिला नाही. जिला विचारावं ती म्हणायची, मला नाही, माझ्या बहिणीच्या मैत्रिणीला मारलं होतं. आणि ती मैत्रीण कधी कुणाला भेटली नव्हती. पट्टी आखूड झाली होती, हे मात्र खरं. एक मुलगी शाळेत परत आली नाही, हेही खरं. मधली जागा ज्याने त्याने आपल्या सोयीने भरली. त्यात मीही होते. सहावीत असताना पाचवीच्या एका अख्ख्या तुकडीला मी ही गोष्ट आवाजांसकट सांगितली होती, आणि दोन मुली रडल्या तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. म्हणून आता निदान खरी कशी होती ते लिहिते.

आमची शाळा सरकारी आणि फक्त मुलींची. गणवेशाचे नियम कचेरीबाहेर चौकटीत टांगलेले होते. शर्ट आकाशी, स्कर्ट राखाडी, मोजे पांढरे, बूट काळे, केस बांधलेले, रिबन काळी, अंगावर दुसरा कोणताही रंग, चित्र किंवा अक्षर नको. आणि स्कर्ट गुडघ्याच्या वाटीखाली चार इंच. या शेवटच्या ओळीखाली कुणीतरी लाल शाईने दोन रेघा मारल्या होत्या, त्यामुळे बाकीचे नियम सल्ल्यासारखे वाटायचे आणि हा एकटा हुकूम.

सव्वाचारशे मुलींच्या गुडघ्यांशी टेप उलगडत बसलं तर पहिला तास फाटकातच संपेल. म्हणून फार पूर्वी शाळेच्या सुतारकामाच्या खोलीत सागवानाची एक पट्टी कापून घेतली होती. बरोबर चार इंचांची, तिच्यावर आकडे नाहीत, एका टोकाला शाळेचा शिक्का डागलेला. मुलीने पायरीवर सरळ उभं राहायचं. मावशी वाकून शिक्क्याचं टोक गुडघ्याच्या वाटीखाली लावायच्या. दुसरं टोक कापडावरच राहिलं तर मुलगी आत, कापडाच्या खाली डोकावलं तर घरी. सोपं काम. पट्टीला आपलंपरकं कळत नाही, असं जुन्या मोठ्या बाई, म्हणजे तेव्हाच्या मुख्याध्यापिका, प्रत्येक पालकसभेत सांगायच्या.

मी दहावीत गेले तेव्हा मावशींचं वय सत्तावन्न. ठेंगण्या, टाचेच्या दुखण्याने किंचित एका अंगाला कललेल्या. शाळेतल्या शिपायांनाही गणवेश असतो. त्यांचा निळा कोट होता, त्याची दोन बटणं वेगळ्या जातीची, आणि आतल्या बाजूला त्यांनी स्वतः शिवलेला एक अरुंद खिसा, फक्त पट्टीपुरता. शाळेत येण्याआधी त्या एका कपड्यांच्या कारखान्यात काजं करायच्या. दिवसभर शर्टांना भोकं पाडणं आणि ती बांधणं, असं त्या या कामाचं वर्णन करत. त्यामुळे कुणाचं लोंबतं बटण त्यांच्या नजरेतून सुटत नसे. कोटाच्या कॉलरमध्ये दोरा ओवलेली सुई खोचलेलीच असायची. 'मान वर' म्हणायच्या, आणि तुम्ही आकाशाकडे बघत असताना बटण लागलेलं असायचं. मग हनुवटीखाली दोरा दातांनी तोडायच्या. त्या एका क्षणाला सगळ्या मुली घाबरायच्या, अगदी अकरा नंबरच्या बसमधून एक आडदांड पोर यायची, तीसुद्धा.

मला आवाज काढता येतात. बाकी काही फारसं येत नाही, पण माणूस एकदा ऐकलं की माझ्या जिभेवर बसतं. आठवीत असताना कपाटांच्या खोलीत मी दहाबारा जणींसमोर पट्टीमावशी करत होते. हं, गुडघा, पुढे. हं, केस, पुढे. हं, नाक, नाक कापून ये, पुढे. पोरी हसून हसून बाकांवर लोळत होत्या आणि एकाएकी गप्प झाल्या. मी वळले तर दारात मावशी, हातात पाण्याची बादली. त्यांनी बादली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "हं म्हटल्यावर मी थांबते. तू थांबत नाहीस." आणि बादली उचलून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी फाटकावर मी कान देऊन ऐकलं. खरंच थांबायच्या. 'हं' आणि 'गुडघा' यांच्यामध्ये एक अख्खा श्वास जायचा, आणि तेवढ्या वेळात त्या मुलीच्या तोंडाकडे बघून घ्यायच्या. मी तो श्वास माझ्या नकलेत घातला. नक्कल सुधारली, पण त्यानंतर पोरी कमी हसायला लागल्या.

नियम चौकटीत होते तरी आम्ही त्यांच्या कडेकडेने जगायचोच. आमच्या वर्गात एक रंगारी होती. वह्या भरून झाल्यावर तिने बुटांच्या तळव्यांवर पांढऱ्या रंगाने मासे काढले, डाव्यावर तीन आणि उजव्यावर चार. नियमात तळव्यांचं नाव नाही, असं तिचं म्हणणं, आणि ते कुणाला तरी ऐकवायला मिळावं म्हणून ती फाटकात उगाचच पाय उचलून टाकायची. मावशींनी मासे पाहिले. चांगले आहेत म्हणाल्या, पण बाईंच्या पुढे जिना चढू नकोस. आम्ही बाकीच्या मोठ्या मुली आत गेल्यावर कमरेशी स्कर्टला एक घडी घालायचो, तो दोन बोटं वर चढवायचो आणि स्वतःला फार बंडखोर समजायचो. तपासणीत आमच्यातली कुणी सापडत नसे, आणि त्याचं सगळं श्रेय आम्ही आमच्या हुशारीला दिलं होतं.

शिडी माझ्या बाकावर बसायची; हे नाव तिच्या उंचीवरून आम्हीच ठेवलेलं. नववीच्या सुट्टीत ती जी वाढायला लागली ती थांबेचना. वडील एका कारखान्याच्या दारावर पहारेकरी, घरात पाठच्या तीन बहिणी. स्कर्ट एकच, आणि त्याची खालची दुमड दोनदा उसवून सोडून झालेली. दहावीच्या सुरुवातीला तो गुडघ्याखाली जेमतेम तीन इंच उरला होता. रांगेत ती माझा हात धरायची आणि तिचा तळहात ओला असायचा. रोज मावशी 'हं' म्हणायच्या, थांबायच्या, पट्टी लावायच्या, आणि पट्टीचं टोक कापडाच्या काठाशी येऊन बरोबर थांबायचं. एका सकाळी ते काठाच्या खाली आलं, केसभर. मावशींनी त्या टोकावर अंगठा ठेवला आणि म्हणाल्या, पुढे. दुसऱ्या दिवशी पट्टी पुन्हा नीट बसली. शिडी मला म्हणाली, मी एका रात्रीत आखूड झाले बहुतेक.

सहामाही परीक्षेनंतर नव्या मोठ्या बाई आल्या. त्या ओरडत नसत. प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द अलगद खाली ठेवायच्या, भरलेला कप बशीत ठेवावा तसा. मी त्यांचा आवाज तीन दिवसांत बसवला. त्या आल्या त्याच महिन्यात कुणी तपासनीस येऊन गेले आणि शेऱ्यात लिहून गेले, की या शाळेतल्या मुलींचे स्कर्ट नियमापेक्षा आखूड दिसतात. मोठ्या बाईंनी शेरा वाचला आणि एका मंगळवारी शिंप्याचा टेप घेऊन स्वतः फाटकावर उभ्या राहिल्या.

पहिली मुलगी, पावणेतीन इंच. दुसरी, तीनला थोडे कमी. तिसरी पुन्हा पावणेतीन. तीस मुली झाल्या आणि एकही चारापर्यंत पोचली नाही. बाईंना टेपचाच संशय आला. त्यांनी कचेरीतून पोलादी फूटपट्टी मागवून टेप तिच्याशी लावून पाहिला. टेप बरोबर होता. मग त्या शाळेच्या दिवाणखान्यासारख्या मधल्या दालनात गेल्या, जिथे काचेच्या कपाटात एका लाकडी बाहुलीला आदर्श गणवेश घातलेला असतो, आणि बाहुलीचा गुडघा मोजला. तीही पावणेतीन. म्हणजे आदर्श मुलीलाही घरीच पाठवायला हवं होतं. मागे कुणीतरी हसलं आणि ते हसू तसंच गिळलं.

नंतर कळलं ते असं. शाळेचे कपडे शिवणारा शिंपी दर वर्षी सुट्टीत यायचा, मावशींच्या पट्टीशी आपली काठी लावायचा आणि तेवढी कापून न्यायचा. टेपवर विश्वास कशाला, अडवणार तर पट्टीच, हा त्याचा हिशोब. त्यामुळे पट्टीबरोबर अख्ख्या शाळेचे स्कर्ट वर्षाला थोडे थोडे वर सरकले होते. बाहुलीचे कपडेही दर वर्षी तोच नवे शिवायचा. कापड दर वर्षी जरा जास्त उरतं, याचा अर्थ आपला हात बसला, असं त्या बिचाऱ्याला वाटत होतं.

मोठ्या बाई परत फाटकावर आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, पट्टी बघू."

मावशींनी कोटाच्या आतल्या खिशातून ती काढून दिली. अडीच इंच. शिक्क्याचं टोक जसंच्या तसं, आणि दुसरं टोक इतकं गुळगुळीत की त्यावर उजेड चमकत होता. बाईंनी त्या टोकावरून एकदा बोट फिरवलं. मग शुक्रवारपर्यंत लेखी खुलासा द्या म्हणाल्या, पट्टी घेऊन गेल्या, आणि आम्हाला सगळ्यांना वर्गात जायला सांगितलं.

मावशींची निवृत्ती आठ महिन्यांवर आली होती. खुलासा पटला नाही तर निलंबन, चौकशी, आणि सव्वीस वर्षांच्या नोकरीचा शेवट शिस्तभंगाच्या शेऱ्याने. शिक्षकांच्या खोलीत हे मोठ्याने बोललं गेलं, त्यामुळे दहा मिनिटांत सगळ्या शाळेला ठाऊक झालं. मधल्या सुट्टीत पाचवीच्या मुली एकमेकींना सांगत होत्या, बघ, बाईंनीही मोजली, मारून मारून दीड इंच झिजली. माझीच गोष्ट होती ती. माझ्याच आवाजांसकट.

त्याच सुट्टीत मावशी मला नळाशी भेटल्या. तुझं अक्षर बरं आहे म्हणाल्या, माझं गुडघे टेकून चालतं. मी काय म्हणणार होते ते कळायच्या आत पुढे म्हणाल्या, "आणि तू माझ्यासारखं बोलतेस. मग माझ्यासारखं लिहिशीलच."

बुधवारी शाळा सुटल्यावर शिडी आणि मी त्यांच्या घरी गेलो. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून ऑइलचा वास आणि चाकांचे आरे वाजल्याचा आवाज. मावशी तिथे त्यांच्या वहिनींबरोबर राहायच्या. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती, नणंद-भावजय राहिल्या होत्या. वहिनी खिडकीपाशी शिलाई मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होत्या. खिडकीचा पडदा खालच्या चौकटीच्या बोटभर वरच संपत होता. मी त्याकडे बघते आहे हे पाहून वहिनी म्हणाल्या, हो, तोही हिनेच मोजला.

मी घरूनच एक मसुदा करून नेला होता आणि मला तो फार पसंत होता. सदर पट्टी ही दीर्घकाळच्या दैनंदिन वापरामुळे नैसर्गिकरीत्या झिजली असावी. मी तो कारकुनाच्या आवाजात वाचून दाखवला. वहिनींनी मशीन थांबवलं. मावशी म्हणाल्या, "सागवान आहे ते, साबण नाही."

शिडीने विचारलं, मावशी, तुम्हालाही लहानपणी स्कर्टवरून घरी पाठवलं होतं का. तिच्या चेहऱ्यावरून तिला होकार हवा होता. मावशी म्हणाल्या, स्कर्टवरून नाही, पण पाठवलं होतं एकदा, आणि काय आनंद झाला होता म्हणून सांगू. मला शाळा आवडायचीच नाही. वहिनी म्हणाल्या, तरी बघा, सव्वीस वर्षं शाळेतच काढली. दोघी थोडं हसल्या. मग मावशी हसायच्या थांबल्या आणि त्यांनी हातातली सुई कोटाच्या कॉलरला परत खोचली. कोट अजून अंगावरच होता.

"बारा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "एक मुलगी होती सातवीत. हुशार का काय ते मला ठाऊक नाही, मी तिचा फक्त गुडघा ओळखायची. पट्टी तेव्हा अख्खी होती. मी लावली, तर बोटभर खाली दिसली. म्हटलं, लांब करून ये. दुसऱ्या दिवशी तशीच आली. म्हटलं, लांब करून ये. तिसऱ्या दिवशी आलीच नाही. मला वाटलं, शिवायला टाकला असेल."

खाली कुणीतरी चाकात हवा भरत होतं. तो आवाज थांबल्यावर त्यांनी पुढचं सांगितलं.

तीन आठवड्यांनी त्या तिला शोधायला गेल्या होत्या. घराला कुलूप होतं. शेजारणीने एका लाँड्रीचा पत्ता दिला. मुलगी तिथे इस्त्रीला उभी होती. टेबलावर आकाशी शर्टांचा गठ्ठा होता, आमच्याच शाळेचे, दुसऱ्यांच्या मुलींचे. मावशींनी तिला म्हटलं की उद्या ये, मी बघते कसं काय ते. तिने इस्त्री खाली ठेवली नाही. "म्हणाली, मावशी, आता वेळ नाही होत." मावशींनी हे वाक्य सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बदलला. सातवीतल्या मुलीचा झाला. त्यांना नक्कल करता येत नाही, करायचीही नव्हती; बारा वर्षं ते वाक्य तसंच ठेवलेलं होतं, एवढंच.

"मी चुकीचं मोजलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तेच तर. बरोबर मोजलं होतं."

पुढच्या वर्षी एक मुलगी अशीच थोडक्यात कमी पडली, तेव्हा त्यांनी तिला आत सोडलं, खालच्या दुकानातून पॉलिशपेपरचा तुकडा आणला आणि त्या संध्याकाळी पट्टीचं टोक घासलं. पट्टी सगळ्यांना एकच लागते. एकीला सोडून दुसरीला अडवायचं नाही, म्हणून पट्टीच घासायची, ही त्यांची रीत. ज्या वर्षी कुणी कमी पडलं नाही त्या वर्षी हात लावला नाही. शेवटचं घासणं शिडीसाठी झालं होतं. शिडी एवढी उंच, पण तेव्हा ती अंग चोरून एवढीशी झाली आणि जमिनीकडे बघत बसली.

मग मावशींनी खुलासा सांगितला आणि मी लिहिला. पट्टी मी घासली. अकरा वर्षं घासली. पॉलिशपेपरने. कुणी सांगितलं नव्हतं. एक मुलगी माझ्या मोजण्याने शाळा सोडून गेली म्हणून घासली. शिंप्याची चूक नाही. मुलींची चूक नाही. एवढंच. मी म्हटलं, निदान 'क्षमस्व' तरी घालू. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, नको, मग मुलीची गोष्ट खोटी वाटेल.

मला राग आला होता, कुणावर ते कळत नव्हतं. मी म्हटलं, हे वाचून बाई काय विचारतील ते मी आत्ता सांगते. आणि मी मोठ्या बाई केल्या, शेवटचा शब्द बशीत ठेवून. "मावशी, परवानगी कुणाची घेतलीत?" इतकं हुबेहूब झालं की वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मी म्हटलं, हाच पहिला प्रश्न. आणि याला उत्तर नाही तुमच्याकडे. मग निलंबन.

मावशी म्हणाल्या, नाही. पहिल्यांदा त्या मुलीचं नाव विचारतील.

मी हसले. मी त्यांना ऐकते रोज, म्हटलं. त्या म्हणाल्या, मीही ऐकते. बाई आल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडून घंटा पाच मिनिटं उशिरा झाली. तर त्यांनी घंटेचं विचारलं नाही. पायाला काय झालंय म्हणून विचारलं. "लाव पैज."

मी लावली. हरले तर तीन स्कर्टांच्या दुमडी हाताने खाली सोडून द्यायच्या, बारीक टाक्यांनी. आणि तुम्ही हरलात तर, असं मी विचारलं. मावशी म्हणाल्या, "मी हरले तर घरीच असेन. ये आणि काय हवं ते माग."

शुक्रवारी तिसऱ्या तासाला मावशींना आणि मला कचेरीत बोलावलं. लिहिणारी बरोबर असू दे, असं मावशींनी सांगितलं होतं. टेबलावर टेप होता, पोलादी फूटपट्टी होती आणि मध्ये ती अडीच इंचांची पट्टी, कागदावर ठेवलेली. मोठ्या बाईंनी खुलासा वाचला. तो अर्ध्या पानाचा होता, पण त्यांना वाचायला बराच वेळ लागला. म्हणजे त्या दुसऱ्यांदा वाचत असाव्यात. मावशी एका पायावर भार देऊन उभ्या होत्या. त्यांनी कोटाची सगळी बटणं लावली होती. मी मनात बाईंचं वाक्य तयार ठेवलं होतं, कुठे आवाज उतरणार तेसुद्धा. ते खरं ठरू नये असं मला त्या वेळी पहिल्यांदा वाटलं. पैजेत असं वाटायला नको असतं.

बाईंनी चष्मा काढला.

"त्या मुलीचं नाव काय?"

मावशींनी सांगितलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तुकडी, हजेरीचा क्रमांक. ते मी इथे लिहीत नाही. बाईंनी मला दप्तरखान्यातून बारा वर्षांपूर्वीची नोंदवही आणायला पाठवलं. मी धावत गेले आणि धावत आले. त्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात, जुन्या मोठ्या बाईंच्या वळणदार अक्षरात, लिहिलेलं होतं, की स्वतःच्या मर्जीने शाळा सोडली. बाईंनी ते मोठ्याने वाचलं आणि मावशींकडे पाहिलं. "मर्जीने?"

"मर्जी मी मोजली नव्हती, बाई," मावशी म्हणाल्या. "स्कर्ट मोजला होता."

मग ती मुलगी आता कुठे आहे असं बाईंनी विचारलं. मावशी नंतर आणखी दोनदा जाऊन आल्या होत्या. लाँड्री बंद झाली होती आणि पुढचं कुणाला सांगता येत नव्हतं. बाईंनी वही मिटली नाही. ती उघडी ठेवूनच त्यांनी पट्टी उचलली, आणि तेव्हा कुठे तो प्रश्न आला, अगदी मी केला होता तसा, शेवटचा शब्द बशीत. "आणि परवानगी कुणाची घेतलीत?" मावशींनी 'हं' म्हटलं, थांबल्या, आणि म्हणाल्या की कुणाचीच नाही.

निकाल सोमवारी कागदावर आला. निलंबन नाही. पट्टी पाकिटात घालून, लाख लावून कपाटात. मावशींच्या नोंदपत्रात ताकीद, आणि फाटकावरून बदली. उरलेले आठ महिने दप्तरखान्यात. चार इंचांचा नियम बदलायचा अधिकार आपल्याला नाही, तो बदलावा असं वर लिहून कळवलं आहे, असं मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं. पण तोवर स्कर्टसाठी कुणालाही घरी पाठवलं जाणार नाही. कमी पडेल तिने आत यायचं आणि दप्तरखान्यात जाऊन तो लांब करून घ्यायचा. ज्यांच्या दुमडीत कापड उरलं नसेल त्यांना खाली वेगळी पट्टी जोडायची मुभा. शिडीच्या स्कर्टला जोडलेलं कापड एक छटा गडद निघालं, त्यामुळे तिच्या गुडघ्याखाली एक सावलीची रेघ दिसायची. रंगारीला गरज नसताना तशीच हवी होती. मावशींनी तिला हाकलून दिलं.

फाटकावर आता एक शिक्षिका टेप घेऊन उभी असते. 'पुढे' ती फार लवकर म्हणते.

मी माझं देणं फेडलं ते दप्तरखान्यातल्या उंच खिडकीखाली बसून, जुन्या हजेरीपटांच्या गठ्ठ्यांना टेकून. मावशी दुसऱ्या टोकाला स्वतःच्या ढिगाशी बसायच्या आणि मध्येच माझ्या टाक्यांवरून नख फिरवायच्या. पहिला स्कर्ट पाचवीतल्या एका मुलीचा होता. तो परत देताना मी तिला पट्टीची खरी गोष्ट सांगितली. तिला ती जुनीपेक्षा कमी आवडली, हे तिच्या तोंडावर दिसलं. दुसऱ्याचे टाके मावशींनी दोनदा उसवायला लावले, आणि पैज तीन स्कर्टांची आहे, किती वेळा शिवायचे असं काही ठरलं नव्हतं, असं म्हणाल्या. मी तो तिसऱ्यांदा शिवला.